किण्वाची वहिवाट

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर, जेथे समुद्राच्या अरुंद आणि खोल भुजा डोंगरांच्या कुशीत कोसच्या कोस आत शिरल्या आहेत, त्या वॉस, हार्डांगेर, नॉर्डफ्योर्ड आणि सुन्मोरे या मुलखांतील शेतकऱ्यांच्या घरी सातूची बिअर घरच्या घरी करण्याची रीत शतकानुशतके चालत आली आहे. आणि त्या रीतीतील जो भाग परक्या पाहुण्याच्या नजरेस सर्वांत क्षुल्लक वाटावा, तोच वस्तुतः तिचा प्राण आहे. बिअर तयार झाली म्हणजे पिंपाच्या तळाशी बसलेला साका, किंवा आंबण्याच्या भरात वर चढून आलेला दाट फेस, ही मंडळी फेकून देत नसत. कोणी तो स्वच्छ कापडावर पसरून वाळवीत, कोणी भोके पाडलेला ओंडका त्यात बुडवून टांगून ठेवीत, कोणी लाकडाचे लहानलहान तुकडे एकमेकांत गुंफून केलेले कडे त्यात भिजवून छपराखाली सुकवीत, तर कोणी तो बाटलीत भरून विहिरीच्या गारव्यात उतरवीत. आणि नाताळ, लग्न किंवा मर्तिक यांपैकी एखाद्या निमित्ताने पुन्हा बिअर करण्याची वेळ आली म्हणजे तेच किण्व नव्या काढ्यात घालीत. या किण्वास तिकडील बोलीत क्वाइक म्हणतात, आणि काही घरांतून ते आजही याच प्रकारे जतन केले जाते.

माझे म्हणणे असे आहे की, घरगुती जतनाची ही वहिवाट मोडू देता कामा नये. प्रयोगशाळेतील शीतपेट्या आणि दुकानातील पाकिटे कितीही उत्तम झाली तरी ती या वहिवाटीच्या जागी बसू शकत नाहीत. आणि ज्यांना तसे वाटते, त्यांनी किण्व म्हणजे काय व ते टिकते कशाच्या बळावर, या दोन गोष्टींचा पुरता विचार केलेला नाही.

मराठी वाचकांपुढे हा विषय मांडताना एक खुलासा आरंभीच केला पाहिजे. आपल्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमान्वये परवान्यावाचून घरी मद्य तयार करणे हा अपराध आहे, आणि तो कायदा मोडावा असे येथे कोणासही सुचवायचे नाही. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरवरील परवान्याची अट १९६३ साली उठली. अमेरिकेत अध्यक्ष कार्टर यांनी १९७८ साली सही केलेला कायदा पुढील वर्षीच्या फेब्रुवारीत अमलात आला, आणि तेव्हापासून त्या देशांत स्वतःच्या स्वयंपाकघरात बिअर करणाऱ्यांचा एक मोठा, अभ्यासू आणि उत्साही वर्ग निर्माण झाला. किण्वाच्या जतनाचा प्रश्न त्या वर्गाचा आहे, नॉर्वेच्या शेतकऱ्यांचा आहे, आणि अखेरीस तो आपल्याही दारापर्यंत कसा येतो हे पुढे ओघाने येईलच.

बिअरचे साहित्य चारच वस्तूंचे असते: मोड आणून वाळवलेले सातू, पाणी, हॉप्सची कडवट फुले, ज्यांच्या जागी किंवा जोडीला नॉर्वेत जुनिपरच्या डहाळ्या उकळलेले पाणी वापरतात, आणि किण्व. यांपैकी पहिली तीन खर्ची पडतात, चौथे मात्र वापरल्याने वाढते. सातूच्या काढ्यातील साखरेचे मद्यार्कात आणि कर्बद्विप्राणिद वायूत रूपांतर करीत असतानाच किण्वाच्या पेशीला कळी फुटते, त्या कळीची स्वतंत्र पेशी होते, तिलाही कळी येते, आणि काही दिवसांच्या अवधीत पिंपातील पेशींची संख्या घातली त्याच्या सुमारे तिपटीवर, कधी पाचपटीवर जाते. वीस लिटरच्या साध्या बिअरला दोनशे अब्जांच्या आसपास पेशी पुरतात, आणि दाट साक्याच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे एक अब्ज पेशी असतात. तेव्हा एका खेपेचा साका पुढील दोनतीन खेपांना पुरून उरतो, हा हिशेब कोणासही करता येईल. निसर्गाने इतक्या उदारपणे परत केलेली वस्तू मोरीत ओतून देऊन पुढच्या वेळेस तीच वस्तू पाकिटात विकत आणणे, यात काटकसरीचा अभाव तर आहेच. पण त्याहून अधिक खेदाची गोष्ट ही की, त्यामुळे एका सजीवाशी जडलेला आपला संबंध आपण प्रत्येक वेळी तोडून टाकतो.

हा साका उचलण्याची जी विद्या आहे ती दिसते तितकी सोपी नाही, आणि तिचा तपशील थोडा विस्ताराने सांगण्यासारखा आहे. किण्वाच्या ज्या जाती आंबण्याच्या ऐन भरात फेसाबरोबर वर येतात, त्यांचा फेस वरून काढून घेतात. पण पहिला फेस तपकिरी आणि हॉप्सच्या राळेने कडू झालेला असतो म्हणून तो बाजूस सारून, त्यानंतर येणारी पांढरी, लुसलुशीत साय तेवढी ठेवावयाची असते. तळाशी बसणाऱ्या किण्वाच्या बाबतीत साक्याचे थर ओळखावे लागतात: सर्वांत खाली हॉप्सचा चोथा, गोठलेली प्रथिने आणि मृत पेशी यांचा काळपट गाळ, त्याच्यावर दुधाळ रंगाचा सशक्त पेशींचा थर, आणि सर्वांत वर सावकाश खाली आलेल्या पेशींची पातळ साय. घरगुती बिअर करणारे लोक पूर्वी हा साका उकळून थंड केलेल्या पाण्यात कालवीत, वीसेक मिनिटे स्थिर ठेवीत, आणि जड गाळ खाली बसला म्हणजे वरचे गढूळ पाणी काढून घेत. अलीकडे पुष्कळ जाणकारांचे मत असे झाले आहे की पाण्याने धुण्यापेक्षा किण्व त्याच्याच बिअरखाली ठेवलेले बरे, कारण बिअरमधील आम्लता आणि मद्यार्क ही परक्या जंतूंविरुद्धची त्याची स्वतःची तटबंदी असते आणि धुताना आपण तीच पाडून टाकतो. मला हे दुसरे मत अधिक पटते. बरणी निर्जंतुक असली पाहिजे, तिचे झाकण घट्ट आवळता कामा नये, कारण थंडीतही किण्व थोडेफार श्वसन करीत राहते आणि कोंडलेल्या वायूच्या दाबाने काच फुटते. आणि ती बरणी दोन ते चार अंश सेल्सिअसच्या गारव्यात ठेवावी लागते. तेथेही पेशी हळूहळू मरत असतात, दोनतीन आठवड्यांत त्यांचा पुष्कळच मोठा भाग निकामी होतो. म्हणून जुन्या साक्याचा उपयोग करण्यापूर्वी त्याला माल्टच्या पातळ काढ्याचा, लिटरमागे शंभर ग्रॅम माल्ट-अर्काच्या प्रमाणाचा, एक खुराक देऊन पुन्हा जोमात आणावे लागते. जेथे सूक्ष्मदर्शक असतो तेथे मिथिलीन ब्ल्यूचा एक थेंब टाकून मृत पेशी निळ्या झालेल्या मोजतात; जेथे तो नसतो तेथे नाकच प्रमाण मानावे लागते, कारण ताज्या पावासारखा वास असलेले किण्व चांगले असते, आणि सडक्या मांसाचा किंवा जळक्या रबराचा वास आला म्हणजे पेशींनी आपलेच अंतरंग पचवावयास आरंभ केला आहे असे समजून ती बरणी निःशंकपणे रिती करावयाची असते.

कोणत्या बिअरचा साका ठेवावा यालाही विवेक लागतो. फार मद्यार्काच्या किंवा फार कडू बिअरमधील पेशी थकलेल्या असतात. म्हणून आधी सौम्य, फिक्या रंगाची बिअर करावी, तिचा साका उचलून काळ्या आणि जड बिअरला द्यावा, आणि त्या शेवटच्या बिअरचा साका मात्र ठेवू नये, असा क्रम अनुभवी लोक पाळतात.

परंतु या सर्व व्यवहारातील खरे गांभीर्य त्याच्या तंत्रात नाही. ते निवडीत आहे. जो गृहस्थ तळाशी सर्वांत आधी बसलेल्या पेशी उचलतो, तो न कळत लवकर खाली बसणाऱ्या पेशींना पुढच्या पिढीचा वारसा देत असतो. चारसहा पिढ्यांनंतर त्याचे किण्व साखर अर्धवट सोडून तळ गाठू लागते आणि बिअर गोडसर राहते. उलट जो सर्वांत शेवटपर्यंत तरंगणाऱ्या पेशींवरच भर देतो, त्याची बिअर कधी निवळतच नाही. म्हणजे साका उचलणारा प्रत्येक हात हा पेरणीसाठी कणसे निवडणाऱ्या शेतकऱ्याचे काम करीत असतो. २०१६ साली बेल्जियममधील लूव्हेन येथील शास्त्रज्ञांनी आपल्या सहकाऱ्यांसह दीडशेहून अधिक औद्योगिक किण्व-वाणांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातून हेच निष्पन्न झाले: बिअरचे किण्व हे रानातून उचललेले नसून माणसाळवलेले आहे, पिंपातील सुबत्तेत वाढता वाढता त्याच्या अनेक वाणांची लैंगिक पुनरुत्पादनाची शक्ती लोपली आहे, बिअरला लवंगेसारखा उग्र वास आणणारा गुण पुष्कळ वाणांतून गळून गेला आहे, आणि सातूतील जड साखर पचविण्याची क्षमता मात्र वाढली आहे. या माणसाळण्याचा आरंभ त्यांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास धरला आहे. लेव्हेनहुकने किण्वाचे गोलक आपल्या भिंगातून प्रथम पाहिले ते १६८० साली, आणि ते सजीव असून आंबण्याची क्रिया तेच घडवितात हे पाश्चरने निर्विवादपणे सिद्ध केले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. तेव्हा सूक्ष्मजीव म्हणून काही असते याची वार्ताही ज्यांच्या कानी आली नव्हती, अशा पिढ्यान्‌पिढ्यांच्या स्त्रीपुरुषांनी केवळ चवीच्या, वासाच्या आणि साठवणीच्या निवडीतून हा एक नवा पाळीव जीव घडविला. गाय, कुत्रा आणि गहू यांच्या पंक्तीत त्याला बसविण्यास मला यत्किंचितही संकोच वाटत नाही.

मग ही रीत मागे का पडली? याचे उत्तर एका थोर शोधाच्या इतिहासात आहे. कोपनहेगनचा मद्योत्पादक जे. सी. याकोबसेन १८४५ साली म्यूनिकच्या श्पाटेन कारखान्यातून तळाशी बसणारे किण्व घेऊन निघाला, आणि घोड्यांच्या टपालगाडीच्या प्रत्येक मुक्कामावर उतरून त्याच्या डब्यांवर थंड पाणी ओतीत, त्याला जिवंत ठेवीत, डेन्मार्कपर्यंत घेऊन आला. त्याच किण्वावर कार्ल्सबर्गची कीर्ती उभी राहिली. परंतु वर्षानुवर्षांच्या पुनर्वापरात त्यात रानटी वाण शिरले आणि बिअर बिघडू लागली. तेव्हा त्याने स्थापिलेल्या प्रयोगशाळेतील एमिल क्रिस्तियन हान्सेन या शास्त्रज्ञाने १८८३ साली एका पेशीपासून शुद्ध वाण वाढवून दाखविला, आणि बिअरच्या कारखान्यांचे युग पालटले. याकोबसेनने तो शोध स्वतःच्या मक्त्यात कोंडून ठेवला नाही, जगातील इतर कारखान्यांना तो मोकळेपणाने दिला. ही गोष्ट त्याच्या किण्वाहूनही अधिक स्मरणीय आहे असे मी मानतो. हान्सेनच्या कार्याचे महत्त्व मला यत्किंचितही कमी करावयाचे नाही. लाखो लिटरच्या टाक्या ज्याला भरावयाच्या आहेत आणि हजारो कोसांवरच्या गिऱ्हाइकाला तीच चव पोचवावयाची आहे, त्याला शुद्ध वाणावाचून गत्यंतर नव्हते.

दुर्दैवाची गोष्ट ही की, कारखान्याच्या गरजेतून जन्मलेला शुद्धतेचा हा दंडक पुढे सर्वच घरांवर आणि सर्वच पिंपांवर लागू करण्यात आला. घरी ठेवलेले किण्व म्हणजे घाण, अज्ञान आणि जुनाटपणा, असा समज शहाण्या लोकांत रुजला. इकडे दुकानात पाव करण्याचे किण्व स्वस्तात आणि केव्हाही मिळू लागले, तेव्हा वर्षभर लाकडी कडे जपून ठेवण्याचे कष्ट तरुण पिढीने घ्यावेत तरी का? विसाव्या शतकाच्या मध्यास नॉर्वेतील लोकजीवनाच्या अभ्यासकांनी गावोगाव प्रश्नावल्या पाठवून बिअरच्या रीतींची माहिती गोळा केली, आणि तिच्या आधारे ऑड नूर्डलान याने १९६९ साली आपला ग्रंथ सिद्ध केला. त्या दफ्तरातून दिसते ते हे की, ज्या देशात पूर्वी ठिकठिकाणी घराचे स्वतःचे किण्व होते, तेथे एकामागून एक खोरे आपला वारसा सोडून देत होते. गुलाटिंगच्या मध्ययुगीन कायद्याने ज्या देशात शेतकऱ्याला सणासाठी बिअर करण्याची सक्ती केली होती, ती चुकविणाऱ्यास दंड सांगितला होता आणि सतत तीन वर्षे चुकविणाऱ्याची मालमत्ता जप्त करण्यापर्यंत मजल नेली होती, त्याच देशात बिअरचा आत्मा असा गुपचूप, कोणत्याही हुकुमावाचून, नाहीसा होत गेला.

पश्चिमेकडील काही घरांनी तो सोडला नाही. त्यांच्यापाशी काय शिल्लक राहिले होते याची जगाला जाणीव झाली ती अगदी अलीकडे, आणि तीही व्यवसायाने संगणक-तज्ज्ञ असलेल्या लार्स मारियुस गार्शोल या एका जिज्ञासू नॉर्वेजियन गृहस्थाच्या परिश्रमांमुळे. तो शेतकऱ्यांच्या घरी जाऊन राहिला, त्यांच्या पिंपांजवळ बसला, तापमाने आणि वेळा टिपून घेतल्या, त्यांचे किण्व मागून इंग्लंडमधील नॉरिच येथील राष्ट्रीय संग्रहाकडे पाठविले, आणि पुढे ग्रंथ लिहिले. कॅनडातील शास्त्रज्ञांच्या सहकार्याने २०१८ साली जे संशोधन प्रसिद्ध झाले त्यात असे आढळले की, क्वाइकचे वाण हा बिअरच्या ज्ञात किण्वांहून वेगळा असा एक स्वतंत्र माणसाळलेला वंश आहे. सामान्य बिअरचे किण्व वीस अंशांच्या आसपास सुखाने काम करते आणि त्याहून बरेच वर गेले की बिअरला उग्र, जळजळीत चव आणते. हे किण्व तीस ते चाळीस अंशांच्या उष्म्यात, ज्याला आपण ताप म्हणू अशा कोमटपणात, दोनतीन दिवसांत आपले काम आटोपते आणि तरी बिअर स्वच्छ चवीची राहते. ते वाळविले तरी जगते, याचे एक कारण २०२२ च्या एका संशोधनाने सुचविले आहे: ट्रेहॅलोज नावाची जी शर्करा पेशीला उष्णता आणि शुष्कता यांपासून सांभाळते, तिचा साठा या वाणांत विशेष असतो. यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. ज्या किण्वाला शतकानुशतके कोमट काढ्यात घालण्यात आले आणि नंतर कापडावर वाळविण्यात आले, त्यातून ही दोन्ही संकटे सोसणाऱ्या पेशींवाचून दुसरे कोण उरणार होते? प्रयोगशाळेने शोधून काढलेला तो गुण वॉसच्या आजीबाईंनी पिढ्यान्‌पिढ्या घडविलेला होता, आणि ती घरे शंभर वर्षांपूर्वी शहाणी झाली असती तर शोधून काढण्यास काही राहिलेच नसते.

येथे कोणी म्हणेल की, आता तरी चिंतेचे कारण नाही. किण्व संग्रहात जमा झाले, उणे ऐंशी अंशांच्या पेटीत किंवा द्रव नत्रवायूत ते सुखरूप आहे, घरोघरच्या बरण्यांची आवश्यकता संपली. या युक्तिवादातील अर्धे सत्य मी मान्य करतो. नॉरिचचा संग्रह काय, किंवा आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह काय, ही जामदारखान्यासारखी जपण्याजोगी ठिकाणे आहेत, आणि घराला आग लागली, बरणी फुटली, म्हातारा वारला, तर अखेरचा आधार तोच आहे. परंतु संग्रहात जाते ते बहुधा एका पेशीपासून वाढविलेले शुद्ध वाण. घरचे क्वाइक हे बहुतेक ठिकाणी अनेक वाणांचे एकत्र कुटुंब असते; नॉर्डफ्योर्डकडे, जेथे काढा न उकळता बिअर करतात, तेथे त्या कुटुंबात दुग्धाम्लाचे जंतूही नांदत असतात, आणि वॉसकडे, जेथे काढा तासन्‌तास उकळतात, तेथे ते बहुधा नसतात. त्यातील एक वाण काढून घेऊन त्याला त्या घराचे नाव देणे म्हणजे एका भावाच्या नावावर सगळ्या वतनाची सनद करून देण्यासारखे आहे.

शिवाय किण्वाबरोबर जे ज्ञान चालत येते ते पेटीत मावत नाही. किती उष्ण काढ्यात ते घालावे, कोणत्या क्षणी उचलावे, फेस घ्यावा की साका, किती थोडे घातले म्हणजे चव उत्तम येते, वाळविण्यापूर्वी पाणी किती निथळू द्यावे, हे प्रत्येक खोऱ्यात वेगळे आहे, आणि ते करून करूनच टिकते. हॉर्निंडाल येथे किण्व घालताना बिअर करणारा मोठ्याने आरोळी ठोकतो, आणि पिंप उघडून बिअर काढण्याच्या दिवशी शेजारीपाजारी चव घेण्यास जमतात. आरोळीने पेशींना काही कळत नाही हे मलाही समजते. पण ती आरोळी आणि तो मेळावा यांच्यामुळेच त्या घरातील मुलाला किण्व घालण्याचा दिवस लक्षात राहतो, आणि कोणत्या घरातील किण्व सध्या जोमदार आहे हे साऱ्या गावाला ठाऊक होते. या दुसऱ्या गोष्टीचे मोल फार मोठे आहे. ज्याचे किण्व बिघडले तो शेजाऱ्याकडून मागून आणी. ज्याने आज दिले त्याच्यावर उद्या मागण्याची पाळी येई. दह्याचे विरजण मोडले म्हणजे वाटी घेऊन शेजारच्या दारी जाण्याची आपल्याकडील रीत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या व्यवहाराचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. वीस घरांत विखुरलेले किण्व एका पेटीतील किण्वापेक्षा सुरक्षित असते, कारण वीस घरे एकाच दिवशी निष्काळजी होत नाहीत.

आज क्वाइकचे वाण युरोप-अमेरिकेतील प्रयोगशाळा पाकिटांतून विकतात, आणि उष्ण प्रदेशांतील बिअर करणारे, ज्यांना पिंप थंड ठेवण्याचा खर्च परवडत नाही, ते त्याबद्दल कृतज्ञ आहेत. या व्यापारावर माझा आक्षेप नाही. माझी मागणी एवढीच आहे की, पाकिटावर वाणाच्या मूळ खोऱ्याचे नाव आणि तो एक वाण आहे की घरचे मिश्रण, याचा स्पष्ट उल्लेख असावा. ज्यांनी ते मोबदल्यावाचून दिले त्यांना त्याचा वापर कधीही कोणत्याही हक्काच्या दाव्याखाली बंद होऊ नये. आणि विकत घेणाऱ्याने ते एकदा वापरून टाकून न देता साका उचलून पुढे चालवावे व इतरांस द्यावे. या शेवटच्या गोष्टीत अमेरिकेतील आणि ब्रिटनमधील घरगुती बिअर करणाऱ्यांवर खरी जबाबदारी आहे. त्यांच्यातील पुष्कळजण काटकसरीसाठी साका ठेवतात आणि त्यात गैर काही नाही. परंतु बरणीवर तारीख, पिढी, कोणत्या बिअरमधून उचलला आणि कोणाकडून आला, हा चार ओळींचा दाखला लिहून ठेवला, तर तीच काटकसर वंशावळीचा दस्तऐवज होते.

पुनर्वापराविरुद्ध सर्वांत गंभीर आक्षेप संसर्गाचा आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. रानटी किण्व शिरते, आम्ल जंतू शिरतात, आणि एकदा शिरले की प्रत्येक पिढीबरोबर वाढत जातात; याच कारणाने कारखाने शुद्ध वाण साधारण पाच ते दहा पिढ्या चालवून नव्याने आरंभ करतात, आणि काही ठिकाणी फॉस्फरिक आम्लाने साका धुऊन जंतूंचा संहार करतात. घरी बिअर करणाऱ्यानेही हा नियम मानावा. ज्याच्याविषयी शंका आली ते किण्व मोह न धरता टाकावे, आणि मूळचा थोडा भाग प्रथमपासूनच वेगळा राखून ठेवावा. स्वच्छतेचा आग्रह आणि जतनाचा आग्रह यांत विरोध आहे असे मानणे हीच चूक आहे. वॉसची शेतकरीण आपले रिकामे लाकडी कडे उकळत्या पाण्याने शेकल्यावाचून किण्वात बुडवीत नसेल तर तिचे किण्व तिच्या नातवापर्यंत पोचतेच ना.

आता आपल्या दाराकडे वळू. गोव्यात पोदेर, म्हणजे पाव भाजणारी मंडळी, माडाची ताजी सूर, म्हणजे माडी, घालून पाव फुगवीत. तेथे किण्वाची साठवण नव्हती, माडावरून रोज नवी आवक होती, आणि सूर काढणारा रेंदेर हा त्या पावाचा अर्धा कर्ता होता. रेंदेर कमी झाले, पाकिटातील किण्व आले, आणि त्या पावाची ती चव आता थोड्याच भट्ट्यांत उरली आहे. महाराष्ट्रातील घरोघरची विरजणे, आंबवणीची पिठे, यांचीही गत तीच होत आहे, आणि त्यांत कोणते जीव नांदत होते याची नोंद होण्यापूर्वीच ती नाहीशी होत आहेत. ही नोंद करण्यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. २००२ च्या जैविक विविधता अधिनियमाच्या व्याख्येत वनस्पती आणि प्राणी यांच्या बरोबरीने सूक्ष्मजीवही स्पष्टपणे आले आहेत. प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता समिती स्थापून लोकांच्या मदतीने नोंदवही तयार करावी अशी तरतूद आहे, आणि या नोंदवहीच्या कल्पनेमागे माधव गाडगीळ यांच्यासारख्या आपल्याच माणसाची दीर्घ तपश्चर्या आहे. त्या नोंदवहीत झाडे, पक्षी आणि मासे यांच्याबरोबर घरगुती किण्वांचे एक सदर असावे असे मी आग्रहाने सुचवितो. घराचे नाव, ते विरजण किंवा किण्व कोणाकडून आले, किती वर्षे चालू आहे, कोणत्या ऋतूत कसे सांभाळतात आणि कोणाकोणाला दिले, इतका तपशील त्यात पुरे होईल. घरच्यांची संमती असेल तेथे त्याचा नमुना, शुद्ध न करता, जसाच्या तसा मिश्र स्वरूपात, पुण्याच्या संग्रहाकडे पाठविण्यात यावा. आणि ज्या घराने तो दिला, त्या घराचे विरजण पुढे कधी मोडले तर त्याला तो विनामूल्य परत मिळेल, ही अट जमा करून घेतानाच्या दाखल्यावर लिहिलेली असावी.